सातव्या जाळीतलं चोरघर

४ डिसेंबर २०२३, सोमवार

बारा वर्षांनी आज ललितचं नाव कानावर आलं आणि दुपारचं जेवण घशाखाली उतरलं नाही. म्हणून ही वही काढली. कापड बाजारातल्या दुकानदाराने दिलेली फुकटची डायरी, वर्ष संपत आलं तरी कोरीच पडली होती. मनातलं बायकोला, मंगलाबाईला, ऐकवायला गेलं की ती भांडी आपटते. वही निदान ऐकून घेते.

फोन पल्लवी नावाच्या मुलीचा. आर्किटेक्ट आहे, जुन्या इमारतींची डागडुजी करते. सुरतेत रांदेरला तापीच्या काठावर कांठावाली मशीद आहे. तिच्या बारा दगडी जाळ्यांपैकी सातवी २००६ च्या पुरात फुटली. तुकडे आहेत, फोटो एकही नाही. "काका, तुकड्यांवरून अख्खी नक्षी शोधायची आहे. जॅकार्डचे ग्राफ हाताने काढणारा माणूस लागेल, असं ललितसर म्हणाले. तुमचा नंबर त्यांनीच दिला."

ललितसर! अरे वा रे सर. पारोळ्याहून एकोणिसाव्या वर्षी एक पिशवी घेऊन आला होता. माझ्या घरी जेवला, माझ्या ओट्यावर झोपला, माझ्या हाताखाली ग्राफ शिकला. ग्राफ म्हणजे साडीच्या काठाची नक्षी चौकोनी घरांच्या कागदावर उतरवायची. एकेक घर लाल रंगाने भरायचं. भरलेल्या घरापाशी धागा वर, रिकाम्या घरापाशी खाली. त्यावरून जॅकार्डचे पुठ्ठे पाडतात आणि माग तसाच विणतो. पस्तीस वर्षं हेच केलं मी. २०११ साली कावीळ होऊन महिनाभर दवाखान्यात पडलो, तेवढ्यात माझी मोराची कुयरी या ललितने स्वतःच्या नावावर मिलमध्ये दिली. तो काठ घराघरांत गेला. प्रदर्शनात शाल याच्या खांद्यावर पडली. आणि या काळात मला भेटायला मोसंबी घेऊन येत होता, निर्लज्ज! विचारलं तर म्हणे, "काका, तुम्ही बरे झालात की सांगणारच होतो."

पल्लवीला होकार दिला. मशिदीशी मला काय करायचंय? ललित कुठेतरी हाताला लागेल, एवढ्यासाठी दिला.

७ डिसेंबर, गुरुवार

मशिदीत आजवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या पर्वत पाटियाहून दोन रिक्षा बदलून गेलो. रस्त्यावरून बघितलं तर बुटकी, साधी इमारत. वाटलं, हिच्यासाठी एवढा आटापिटा? मागे नदीकडे गेलो आणि मान वर करावी लागली. दोन पुरुष उंच दगडी चौथरा आणि त्यातून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. खालच्या पायऱ्या गाळात गेल्या आहेत, किती आहेत ते कोणालाच माहीत नाही.

देखरेख मुसाभाई करतात. पंच्याहत्तरीचे असतील, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी सगळं फिरवून दाखवलं. सागाचे चोवीस खांब, प्रत्येकाच्या पायाशी दगडाची बैठक, म्हणजे पुराच्या पाण्याने लाकूड कुजू नये. छताच्या फळ्या एकमेकींत अशा अडकवल्या आहेत की अख्ख्या छताला एक खिळा नाही. म्हणाले, बांधणारा हसन नाखुदा, जहाजाचा कप्तान. त्याने घरं बांधणारे सुतार आणलेच नाहीत, आपल्या जहाजाचे सुतार लावले. मग डोळ्यांत भरलं की छत पालथ्या होडीसारखं आहे. हजहून परतलेली माणसं आधी या पायऱ्यांवर उतरायची, इथे नमाज पढायची, मग घरी जायची.

पश्चिमेला मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, पूर्वेला नदी. नदीच्या भिंतीत ओळीने बारा जाळ्या, एकीसारखी दुसरी नाही. सकाळचं ऊन त्यातून आत येतं आणि फरशीवर नक्षी पडते. मी ग्राफवाला माणूस, तिथेच खिळलो. सातव्या जागी मात्र लोखंडी ग्रिल, खिडकीला लावतात तसली. तिची सावली म्हणजे नुसत्या काळ्या रेघा.

दरवाजावरच्या शिळेवर हसन नाखुदाचं नाव आणि साल आहे. विचारलं, जाळ्या कोरणाऱ्यांची नावं? मुसाभाई म्हणाले, "बनवानेवाले का नाम है पंडितभाई, कोरनेवाले का नहीं."

तिथेही तेच! साडेतीनशे वर्षांपूर्वीचे ललित.

१२ डिसेंबर, मंगळवार

तुकडे एक्केचाळीस. पूर ओसरल्यावर मुसाभाईंनी आठ दिवस गाळात हात घालून काढलेले, दोन गोण्यांत भरून हौदामागच्या खोलीत ठेवलेले. सतरा वर्षं! सगळ्यात लहान तुकडा माझ्या अंगठ्याएवढा. तोही त्यांनी फडक्यात बांधून ठेवला होता. नमाजाच्या वेळा सोडून ओसरीत चटई टाकून बसतो. मुसाभाई चहा आणून देतात आणि लांब उभे राहून बघतात.

पुरात एक मोठं ओंडकं आलं होतं म्हणे वाहत, त्यानेच जाळी फुटली. ओंडका. (मंगलाबाईशी अहिराणी बोलून बोलून माझं मराठीही वाहवत चाललंय.)

पल्लवी म्हणाली, ललितसरही अधूनमधून येऊन बघतील. मी म्हणालो, तो इकडे आला तर मी गोण्या भरून घरी जाईन. तो आला नाही.

२ जानेवारी २०२४, मंगळवार

सापडली!

तीन आठवडे डोळे फोडून घेतले. आठ टोकांचा तारा, हे कोणीही सांगितलं असतं. पण ताऱ्यांमधून ज्या पट्ट्या जातात त्या नुसत्या जात नाहीत. एक वरून, एक खालून, पुन्हा वरून. अहो, हा तर ताणाबाणा! दगडात विणलंय माणसाने. हे ध्यानात आलं आणि माझ्यासाठी काम संपलं. विणकामात पुढचा धागा वर की खाली, हे मागचा धागाच सांगतो. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस तुकडे जागच्या जागी बसले. अंगठ्याएवढासुद्धा.

मुसाभाईंना कागद दाखवला. म्हणाले, "यही थी. मेरे बाप के बाजू में बैठ के मैं यही देखता था."

कागद गुंडाळून ठेवला. असं कौतुक कुयरीच्या वेळी मिळायला हवं होतं, तेव्हा मी उताणा पडलो होतो.

५ जानेवारी, शुक्रवार

घ्या. म्हणजे शेवटी तेच.

पल्लवी म्हणते, हाताने काढलेला कागद कॉम्प्युटरमध्ये उतरवायला ललितच्या डिझाईन स्टुडिओत द्यायचा. इतकं बारीक काम सुरतेत तोच नीट करतो. विचारलं, दुसरं कोणी नाही? म्हणाली, "काका, ते पैसेही घेत नाहीयेत या कामाचे."

घेईल कशाला? त्याला माझा कागद हवाय! आता कळलं माझं नाव का सुचवलं ते. सहा महिन्यांत बाजारात 'जाली कलेक्शन' येणार, खाली नाव ललित सोनवणे, आणि पुन्हा एक शाल. मी काय पुन्हा दवाखान्यात आहे का? या वेळी त्याची अशी जिरवतो की जन्मात ब्रश धरणार नाही.

८ जानेवारी, सोमवार

दोन कागद केले.

पहिला खरा. तो लोखंडी कपाटात, मंगलाबाईच्या लग्नातल्या शालूखाली.

दुसरा हुबेहूब तोच, फक्त त्यात एक चोरघर. हा शब्द माझा. ग्राफमध्ये मुद्दाम एक घर चुकीचं भरायचं, बघणाऱ्याला न दिसणारं. कोणी नक्षी ढापली तर चूकही सोबत जाते, आणि मग भर बाजारात त्याचा हात धरता येतो, की बाबा रे, ही चूक तुझ्याकडे आली कुठून? मी हे ललितला कधी शिकवलं नाही. आणि त्या कुयरीत ठेवलंही नव्हतं. घरच्या माणसासाठी दाराला कुलूप कोण लावतं?

जाळीत खालून चौथ्या ओळीत, डावीकडून सातव्या ठिकाणी दोन पट्ट्या एकमेकींवरून जातात. तिथे जी खालून जायला हवी ती मी वरून नेली. जागाही विचार करून निवडली. अंगठ्याएवढा तुकडा बरोबर तिथलाच आहे. म्हणजे वेळ आली की तुकडा काढून समोर ठेवायचा. बोल म्हणावं आता.

दगडाची काळजी नाही. आमच्या धंद्यात कितीही घाई असो, आधी सॅम्पल निघतं. वीतभर विणून आणतात, डिझाईनवाला बघतो, सही करतो, तेव्हा माग सुरू होतो. दगडाचं सॅम्पल आलं की तेवढं एक घर दुरुस्त करून देईन. तोवर मासा गळाला लागलेला असेल.

फार दिवसांनी पोटभर जेवलो. मंगलाबाईने दोनदा तोंडाकडे बघितलं.

१६ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीच्या पतंगांचा धिंगाणा काल रात्री एकदाचा आटोपला, आणि आज सकाळी ललितचा फोन! बारा वर्षांत पहिल्यांदा. नंबर ओळखीचा नव्हता म्हणून उचलला. मला कमी ऐकू येतं, फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"काका, ललित बोलतोय. ठेवू नका. कामाचं विचारायचंय. चौथ्या ओळीत सातव्या जागी पट्टी वरून गेलीय. बाकी सगळीकडे वर, खाली, वर, खाली बरोबर आहे. ती तशीच ठेवायची का?"

मीही काही कच्चा नाही. म्हणालो, "माझ्या कागदाला हात लावायचा नाही. जसं काढलंय तसं उतरव."

"बरं. तुमच्या हातून चूक होत नाही, म्हणून विचारलं. बाकी काका, तब्येत..."

ठेवून दिला. 'तुमच्या हातून चूक होत नाही' म्हणे! टोमणा मारतो मला! आणि डोळा बघा चोराचा, एवढ्या पसाऱ्यात नेमकं घर टिपलं. असं बघायला मीच शिकवलं होतं. दिवसभर चीड चीड झाली.

३० जानेवारी, मंगळवार

रोज संध्याकाळी पर्वत पाटियाच्या दुकानांतून फिरतो. जाळीच्या नक्षीची साडी आली का, विचारतो. एक दुकानदार म्हणाला, "काका, वहू माटे जोईए छे?" सूनच नाही तर सुनेला साडी कुठली घेऊ? अजून काही आलेलं नाही. चोर सावध आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

पल्लवीने कॉम्प्युटरवरचा कागद मोबाईलवर पाठवला. खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलंय: 'रेखांकन: पंडित ओंकार महाजन'. माझं नाव. ललितच्या स्टुडिओचं नाव कुठेच नाही.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

नाटक आहे. आधी विश्वास बसू द्यायचा, मग गळा कापायचा. कुयरीच्या वेळी मोसंबी होती, आता हे. मंगलाबाईने विचारलं, काय आलंय? म्हणालो, काही नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

घात झाला.

पल्लवीचा फोन आला. जाळी कोरून मशिदीत आली आहे. पूर्ण जाळी. ध्रांगध्र्याचा अखंड दगड, मशीनवर कापला आणि वरून कारागिरांनी आठवडाभर हाताने सफाई केली. मी म्हणालो, "आणि सॅम्पल?" ती म्हणाली, "कसलं सॅम्पल, काका?"

दगडात सॅम्पल नसतं. कागद गेला की दगड कापला जातो. हे मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची अक्कल मला सुचली नाही. पस्तीस वर्षं जे बघितलं तेच सगळ्या जगात असेल असं धरून बसलो.

ती हुशार पोरगी. जुने तुकडे एकेक करून नव्या जाळीवर ठेवून बघितले तिने. चाळीस बसले. अंगठ्याएवढा बसत नाही. "काका, चूक कुठे झाली असेल? रविवारी ट्रस्टची मीटिंग आहे. ललितसरही येतील. तुम्ही याच."

रविवार म्हणजे तीन तारखेचा. बारा दिवस आहेत.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

डोकं आता ताळ्यावर आलंय. उगाच घाबरलो.

खरा कागद माझ्याकडे आहे. त्यात चूक नाही. ट्रस्टकडे गेला तो कागद कोणाच्या कॉम्प्युटरमधून गेला? ललितच्या. हाताचा दुसरा कागद त्याने परत पाठवला होता, तो आज फाडून जाळला. उरला काय? माझा बरोबर कागद आणि त्याची चुकीची जाळी.

देवच हातात आणून देतोय की हो! चोरी पकडण्यापेक्षा हे बरं. चोरी केली तर लोक म्हणतात, धंद्यात चालतं. पण काम बिघडवलं म्हटल्यावर ललितसरांना कोण विचारतंय? कुयरीची शाल उतरेल खांद्यावरची.

३ मार्च, रविवार

झालं. जिंकलो.

सगळं लिहून ठेवतो, एक शब्द विसरायचा नाही मला. मशिदीची ओसरी. मुसाभाई, ट्रस्टचे चौघे, पल्लवी, ललित. ललितचे केस पांढरे झालेत, पोटही सुटलंय. मला बघून उठून उभा राहिला. नव्या जाळीला भिंतीशी टेकून उभं केलं होतं. तिच्याकडे मी नीट बघितलं नाही.

पल्लवीने विचारलं. मी शालूखालचा कागद उलगडला. म्हणालो, "माझं काम हे. चौथ्या ओळीत, सातव्या जागी बघा, पट्टी खालून. तुकडा ठेवा, बसतो का बघा." तिने ठेवला. बसला. "आता हे ललितच्या कॉम्प्युटरात वरून कसं झालं, ते त्याला विचारा."

सगळे ललितकडे वळले. मी तयारीत होतो. त्याने फोनचं काढलं असतं तर म्हणणार होतो, कसला फोन? पण तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्या जाळीकडे, बरोबर त्या घराकडे. मग म्हणाला, "काका म्हणतात तसंच असेल. माझ्याकडून झालं."

बस, एवढंच. तोंड पांढरंफटक. बारा वर्षं वाट बघितली मी या तोंडाची.

दगड पुन्हा कापायला परवानगी, वेळ, काहीच उरलं नाही, रमजान आठवड्यावर आलाय. मुसाभाई म्हणाले, सतरा वर्षं लोखंडाच्या सावलीत नमाज पढतोय, हीच बसवा. नोंदवहीत काय लिहायचं, ते पल्लवीने तिथेच ठरवून टाईप केलं: बसवलेली जाळी ललित सोनवणे यांच्या रेखांकनाप्रमाणे असून ती मूळ नक्षीपासून एका ठिकाणी वेगळी आहे. पंडित महाजन यांचा अचूक कागद फाईलला जोडला आहे. सगळ्यांनी सह्या केल्या. मी झोकात केली.

येताना मिठाईच्या दुकानातून अर्धा किलो घारी घेतली.

४ मार्च, सोमवार

घारी तशीच पडून आहे. मंगलाबाई शिवलीसुद्धा नाही. सकाळी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तुम्हीच सांगं ना त्याले, हात लावू नको म्हनी. मी आयकं. तुमना फोन अख्ख्या गल्लीले आयकू येस."

मी म्हणालो, तुला धंद्यातलं काय कळतं.

"नही कळस," म्हणाली आणि भांडी घासायला गेली. आपटली नाहीत. त्यापेक्षा आपटली असती तर बरं झालं असतं.

तिचा जीव आहे त्याच्यावर. ओट्यावर झोपायचा तेव्हा त्याला पहिली भाकरी वाढायची. बायकांना चोर ओळखता येत नाहीत.

१९ मार्च, मंगळवार

जाळी बसवली म्हणे. पल्लवीने फोटो पाठवला. उघडला नाही.

बाजारात कळलं, एका मोठ्या हवेलीच्या छताचं काम ललितला मिळायचं होतं, ते दुसऱ्याला गेलं. ज्याने सांगितलं त्याला चहा पाजला. चहा गोड लागायला हवा होता, दुकानदाराने पावडर जास्त टाकली असावी.

१४ एप्रिल, रविवार

ईद गुरुवारी झाली. मुसाभाईंनी तीनदा निरोप पाठवला, शीरखुर्मा ठेवलाय, या. शेवटी आज सकाळी गेलो.

सातव्या जाळीसमोर उभा राहिलो आणि नमस्कार करावा की काय करावा ते कळेना. ऊन नुकतं वर आलं होतं. बारा जाळ्यांच्या बारा सावल्या ओळीने फरशीवर पडल्या होत्या, आणि मधली माझी. माझी! साडी फाटते, काठ जुना होतो, पोतेऱ्यात जातो. हे तर दगडात आहे. तीन म्हातारे त्या सावलीत भिंतीला टेकून गप्पा मारत बसले होते. एक जण दुसऱ्याला म्हणत होता, बाकीच्या अकरांपेक्षा हीच सुंदर आहे. चोरघर त्याच्या गुडघ्यावर पडलं होतं. त्याला काय कळणार?

मग बाहेर आलो आणि भिंतीवर नवा बोर्ड बघितला. गुजराती, उर्दू आणि इंग्रजीत. 'जाळी क्रमांक सात. २००६ च्या पुरात नष्ट. पुनर्निर्मिती २०२४. रेखांकन: ललित सोनवणे.'

पुन्हा! पुन्हा चोरलं! शीरखुर्म्याची वाटी तशीच ठेवून निघालो. मुसाभाई मागून हाका मारत होते.

१५ एप्रिल, सोमवार

पल्लवीच्या ऑफिसात जाऊन आरडाओरडा केला. म्हणालो, एक्केचाळीस तुकडे मी जुळवले. ताणाबाणा मी ओळखला. नाव त्या चोराचं कसं?

तिने शांतपणे नोंदवही समोर ठेवली. "काका, तुम्हीच सांगितलंत की बसवलेली जाळी तुमच्या कागदाप्रमाणे नाही. ललितसर नकोच म्हणत होते, त्यांनी मला बोर्डावर कोणाचंच नाव नको असं दोनदा लिहून पाठवलं. पण ट्रस्टचं म्हणणं पडलं की ठरावात आहे तेच लिहा." खाली माझी सही. झोकात केलेली.

मी म्हणालो, "जाळी माझीच आहे, मी सिद्ध करू शकतो."

"कसं?"

सिद्ध करायला आहे की माझ्याकडे. दगडात कोरलेलं आहे. चौथी ओळ, सातवी जागा. जगात एकच माणूस सांगू शकतो की ती पट्टी तिथे वरून का गेली. पण ते सांगायचं म्हणजे तीन मार्चला ओसरीत बसून मी काय केलं तेही सांगायचं.

नोंदवही मिटून तिच्याकडे सरकवली आणि खाली उतरलो. रिक्षा करायचंही सुचलं नाही, रिंगरोडपर्यंत चालत आलो.

१८ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस हिशेब मांडतोय, आणि दर वेळी तोच येतोय. कुयरी त्याने चोरली, मान्य. पण ही जाळी त्याने चोरली नाही. ही मी त्याला दिली. स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर, वर सही करून. आणि तो 'माझ्याकडून झालं' म्हणाला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. त्याला चोरघर दिसलं होतं. मी नको म्हणालो म्हणून त्याने तसंच ठेवलं होतं. मी 'कसला फोन' म्हणायला तयार बसलो होतो आणि त्याने मला ते म्हणायची वेळ आणली नाही.

या गोष्टीचा मला इतका राग येतोय! उपकार करतो माझ्यावर, गाढव.

गप्प बसलो तर सुखात राहीन. बोर्ड तसाच राहील, आणि पुढे कोणी विचारलं तर सुरतेतली सगळ्यात सुंदर जाळी ललित सोनवण्याने काढली असं लोक सांगतील. मी मेलो की मग सांगायला कोणीच नाही.

मंगलाबाई विचारते, झोप का लागत नाही? सांगितलं, उकडतंय.

१९ एप्रिल, शुक्रवार

सकाळी मुसाभाईंकडे गेलो आणि हे लिहून दिलं. इथे उतरवून ठेवतो.

'मी पंडित ओंकार महाजन, राहणार पर्वत पाटिया, लिहून देतो की सातव्या जाळीचा कागद मी काढला. त्यात चौथ्या ओळीत सातव्या जागी पट्टी मी मुद्दाम चुकीची नेली, ललित सोनवणे यांना पकडायला. त्यांनी फोन करून विचारलं होतं. मी बदलू नको म्हणालो. तीन मार्चच्या मीटिंगमध्ये मी खोटं बोललो. त्यांची काही चूक नाही.'

मुसाभाईंना मराठी वाचता येत नाही, मलाच वाचून दाखवावं लागलं. हिंदीत करताना दोनदा अडखळलो. खोटं बोलताना अडखळलो नव्हतो. ऐकून ते नदीकडे वळले. भरती चढत होती, पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात होत्या. मला वाटलं, आता हाकलतील. सतरा वर्षं ज्यांनी फडक्यात तुकडा सांभाळला, त्यांच्या जाळीत मी माझं भांडण कोरून ठेवलं होतं.

"मेरी मस्जिद में, पंडितभाई?" एवढंच म्हणाले.

मी म्हणालो, हो.

कागद त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला. थोड्या वेळाने विचारलं, बोर्ड बदलावा लागेल, त्यावर काय लिहायचं, तुमचं नाव की तुमची गलती?

म्हणालो, "दोन्ही लिहा. एकाच ओळीत."

ललितला फोन केला. म्हणालो, मुसाभाईंना लिहून दिलंय, तुझं नाव बोर्डावरून निघेल. तो म्हणाला, "काका, कशाला पण..." आणि त्याचा आवाज फुटला. मी म्हणालो, रडू नकोस. कुयरीचं मी विसरलेलो नाही, ती माझी आहे, हे तू कधी लिहून देतोस ते सांग. तो म्हणाला, "आज देतो." मी म्हणालो, आज नको. रविवारी घरी ये, माझ्यासमोर बसून लिही.

मंगलाबाई दारात उभी राहून ऐकत होती. स्पीकर चालूच होता.